मारिओचे संगीत खेळणाऱ्याच्या पावलांवर

१९८५ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमचे संगीत कोजी कोंडो यांनी रचले. त्यांनी चारच आवाज वापरले: दोन सुरावटीसाठी, एक खर्जासाठी आणि तालासाठी नुसता खरखराट. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटचा, त्यामुळे ध्वनिमुद्रित गाण्याला जागाच नव्हती. खेळाच्या यंत्रातली चिप प्रत्येक सूर जागच्या जागी तयार करी. मारिओ उडी मारतो तेव्हा तो आवाजही याच चारांतून घ्यावा लागतो, म्हणून सुरावटीतला एक आवाज क्षणभर गप्प होतो. कान देऊन ऐकले की हे कळते. पूर्व विदर्भातील बिरसीच्या परिसरात झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक पाहणाऱ्यांना नटाच्या हालचालीवर नजर ठेवून वाजवणारे वादक परिचयाचे आहेत. कोंडोंची रचना तशीच खेळणाऱ्याच्या मागे चालते. पाण्याखाली ती तीन मात्रांच्या संथ लयीत जाते, उरलेला वेळ शंभरावर आला की लय घाईची होते.

काहींच्या मते या संगीताची लोकप्रियता म्हणजे बालपणीच्या आठवणींचे कौतुक आहे. पण त्याच यंत्रावर शेकडो खेळ निघाले, त्यांतल्या बहुतेकांची धून आज कुणाला गुणगुणता येत नाही. आठवणच कारण असती तर त्याही धुनी टिकल्या असत्या. मर्यादेनेच कला घडली, हेही पटत नाही; आवाजांची मर्यादा तर बहुतेकांना सारखीच होती. फरक पडला तो संगीत हालचालीशी बांधण्याने. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या खेळाची मुख्य धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तिथे मिळालेले ते पहिले स्थान.