कर्करोगातील पूरक आणि पर्यायी उपचार

कर्करोगाचे निदान झाले की रुग्णालयातील उपचारांच्या बरोबरीने घरात गव्हांकुरांचा रस, गुळवेलीचा काढा, गोमूत्र अर्क, लक्ष्मणफळ असे बरेच काही येऊ लागते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार म्हणजेच केमोथेरपी या मुख्य उपचारांच्या साथीने जे घेतले जाते, त्यास पूरक उपचार म्हणतात. मुख्य उपचार सोडून जे घेतले जाते, ते पर्यायी उपचार होत. पुरावा तपासून पूरक उपचारांची मुख्य उपचारांशी सांगड घालणाऱ्या शाखेस एकात्मिक कर्करोगवैद्यक असे नाव आहे. एकच वनस्पती एका रुग्णाच्या बाबतीत पूरक, तर दुसऱ्याच्या बाबतीत पर्यायी ठरू शकते.

या उपचारांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. आयुर्वेद, सिद्ध, युनानी, होमिओपॅथी आणि पारंपरिक चिनी वैद्यक या स्वतंत्र वैद्यकप्रणाली पहिल्या वर्गात येतात. वनौषधी, जीवनसत्त्वे व विशेष आहार यांचा दुसरा वर्ग आहे. योग, प्राणायाम, ध्यान आणि संगीत हे मन-शरीर उपचार तिसऱ्या वर्गात, तर मर्दन व ॲक्युपंक्चर चौथ्या वर्गात मोडतात.

यांपैकी काही परंपरा अतिप्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन आढळते. मात्र तेथील प्रत्येक अर्बुद आजच्या अर्थाने कर्करोग होता, असे म्हणता येत नाही. होमिओपॅथीचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत झाला. भारतात २०१४ साली स्वतंत्र आयुष मंत्रालय स्थापन झाले.

लोकोपचारातील वनस्पतीचे आधुनिक औषध कसे घडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे सदाफुली. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे दारोदारी फुलते. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५० च्या दशकात ती पाने कॅनडात पोहोचली आणि डॉ. रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांवर तपासला. अपेक्षेप्रमाणे रक्तातील साखर उतरली नाही. परंतु अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने दगावले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ हेच रक्ताच्या कर्करोगाचे लक्षण असल्याने या निरीक्षणाचे मोल मोठे होते. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली त्या पानांतून व्हिनब्लास्टीन हे द्रव्य वेगळे काढले. पुढे याच वनस्पतीतून मिळालेल्या व्हिन्क्रिस्टीनला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि बालकांच्या रक्तकर्करोगात ते आधारभूत औषध ठरले.

मात्र सदाफुलीचे पान चावणे म्हणजे व्हिन्क्रिस्टीन घेणे नव्हे. या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. प्रौढास एका वेळी सामान्यतः २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. ते केवळ शिरेतूनच द्यावे लागते. चुकून मणक्यातील द्रवात गेल्यास प्राणघातक ठरते. पानातील औषधी द्रव्याचे प्रमाण अनिश्चित असते आणि त्यात इतर विषारी द्रव्येही असतात.

वनस्पतींतून औषधे शोधण्याच्या या परंपरेत महाराष्ट्राचा वाटा अभिमानास्पद आहे. नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासह १९६६ साली कॅम्पटोथेसीन आणि १९७१ साली टॅक्सॉल या कर्करोगविरोधी द्रव्यांची रचना उलगडली. कॅम्पटोथेसीन मूळ एका चिनी वृक्षातून मिळाले होते. सह्याद्रीतील नरक्या या वनस्पतीतही ते विपुल आढळते. इरिनोटेकॅन हे औषध त्याच्याच रचनेवरून बनवले आहे.

पूरक उपचारांचा सिद्ध उपयोग मुख्यतः त्रास कमी करण्यात आहे. रसायनोपचारातील मळमळ आणि स्तनकर्करोगाच्या काही संप्रेरकरोधक गोळ्यांनी होणारी सांधेदुखी यांवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो. योग व ध्यान यांमुळे चिंता आणि थकवा कमी होण्यास मदत होते. गाठ नाहीशी करणे हे यांचे कार्य नाही.

धोकेही नोंदलेले आहेत. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनौषधी इरिनोटेकॅनची रक्तातील परिणामकारक पातळी घटवते. लक्ष्मणफळात चेतापेशींना घातक असे ॲनोनॅसिन असते. काही भस्मे व रसौषधींत शिसे व पारा आढळले आहेत. जर्दाळूच्या बियांतील द्रव्यावर आधारलेले लेट्राइल अमेरिकेत फार गाजले; १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या १७८ रुग्णांच्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइडची पातळी वाढलेली आढळली. येल विद्यापीठातील संशोधकांनी न पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण अभ्यासले, तेव्हा केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीचपट दिसला; स्तनकर्करोगात तो पाचपटीहून अधिक होता.

कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अशी जाहिरात दिसल्यास सावध व्हावे. काढा, चूर्ण, गोळी, जे काही चालू असेल, ते बाटली-वेष्टनासह आपल्या कर्करोगतज्ज्ञास दाखवावे. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नये आणि कोणाच्याही आग्रहाखातर मुख्य उपचारांची तारीख चुकवू नये.