सहल, एकाकी वाडा आणि मारेकरी : अल्पखर्ची भयपटांचे गणित

शनिवार-रविवारच्या सुटीसाठी काही तरुण मित्रमैत्रिणी शहराबाहेर पडतात. मुक्कामाचे घर आडबाजूला असते. वाटेत भेटलेला एखादा वृद्ध परत फिरण्याचा सल्ला देतो, तो हसण्यावारी नेला जातो आणि पहाट होईपर्यंत त्यांच्यापैकी एकेकाचा बळी जातो. 'स्लॅशर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भयपटांचे हे कथानक प्रेक्षकांना पाठ आहे. तरीही निर्माते त्याकडे वारंवार वळतात. त्याचे कारण कथेइतकेच हिशेबाच्या वहीतही दडलेले आहे.

खर्च कसा वाचतो?

एकाच घरात चित्रीकरण झाल्याने नेपथ्य आणि प्रवास यांवरील खर्च घटतो. कलाकार नवखे असल्याने मानधन कमी लागते. शिवाय, नामांकित नायक नसल्याने अखेरीस कोण वाचणार याचा अंदाजही येत नाही. अंधारात जे दिसत नाही ते उभारावे लागत नाही. कॅमेरा मारेकऱ्याच्या नजरेतून फिरवला, तर बराच वेळ मारेकरीही दाखवावा लागत नाही. त्याचे काम पावलांचा आवाज आणि पार्श्वसंगीत करते.

जॉन कारपेंटर यांचा 'हॅलोवीन' (१९७८) सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये तयार झाला. त्यातील प्रसिद्ध मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' मालिकेतील कॅप्टन कर्कचा बाजारातील मुखवटा होता. त्यात काही बदल करून त्याला पांढरा रंग देण्यात आला होता. उन्हाळी शिबिरात घडणाऱ्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'ने (१९८०) सुमारे साडेपाच लाख डॉलर खर्चून अमेरिकेत जवळपास चार कोटी डॉलर मिळवले.

महाबळेश्वर ते विजापूर

भारतात हे गणित रामसे बंधूंनी अचूक ओळखले. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) अपयशी ठरला. परंतु मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देत असल्याचे त्यांच्या मुलांनी हेरले. त्यातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) आकारास आला. महाबळेश्वर येथे अतिथिगृहात मुक्काम करून तो अल्प खर्चात चित्रित करण्यात आला. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांनी केले, तर छायाचित्रण गंगू यांनी सांभाळले. कुटुंब हेच चित्रपटाचे पथक झाले.

'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) तरुण मंडळी शापाचा उलगडा करण्यासाठी विजापूरच्या वडिलोपार्जित वाड्यात जातात. अनिरुद्ध अगरवाल यांनी साकारलेला 'सामरी' गाजला आणि चित्रपटाने मोठे यश मिळवले. रामसेंचे राक्षस काटेकोर अर्थाने स्लॅशर प्रकारात बसत नाहीत. मात्र शहरापासून दूरचे घर, मदतीचा अभाव आणि एकामागून एक बळी ही मांडणी तीच आहे.

भीतीचे रूप बदलले

पुढे हलक्या डिजिटल कॅमेऱ्यांनी खर्च आणखी घटवला. पवन कृपलानी यांच्या 'रागिणी एमएमएस'मध्ये (२०११) एक जोडपे मुंबईबाहेरच्या घरी सुटी घालवण्यास जाते. तेथे भुताइतकेच भय छुप्या कॅमेऱ्यांचे आहे. के. एस. अशोक यांच्या '६-५=२' (२०१३) या कन्नड चित्रपटात सहा जण गिर्यारोहणास जातात आणि त्यांच्याच कॅमेऱ्यातील चित्रणातून कथा उलगडते. २०१४ मध्ये तो हिंदीतही आला.

बळी कोणाचा?

या चित्रपटांवरील मुख्य आक्षेप रक्तपाताचा नाही. मृत्यूचा क्रम कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. मद्यपान किंवा प्रणय करणारी तरुणी बहुधा आधी मरते आणि 'शालीन' मुलगी अखेरपर्यंत तगते. अमेरिकी अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये या शेवटच्या मुलीची संकल्पना मांडली. ती केवळ बळी नसून अखेरीस मारेकऱ्याशी झुंजणारीही असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

आपल्याकडे त्यात गावाच्या प्रतिमेची भर पडते. शहरी पाहुणा निष्पाप आणि स्थानिक रहिवासी अंधश्रद्ध किंवा क्रूर, अशी विभागणी पटकथेला सोयीची असते. भय निर्माण करण्यास थोडे पैसे पुरतात, हे रामसेंनी दाखवून दिले. त्यासाठी कोणाला खलपात्र ठरवायचे, हा निर्णय मात्र खर्चाच्या मर्यादेवर ढकलता येत नाही. तो सर्वस्वी दिग्दर्शकाचा असतो.