करिअरची वाट, लेखांक ६ : मार्गदर्शकाकडे जाताना काय न्यावे?

वरिष्ठ आपल्याला काम लावून देतो, मार्गदर्शक आपले काम पाहतो. हा फरक मागच्या लेखांकात आला. त्यावर तळेगाव-चाकणच्या कारखान्यात पहिली नोकरी धरलेला कोणीही विचारील की असा माणूस भेटायचा कुठे? मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. तो भेटला तर त्याच्यापुढे आपण काय ठेवणार, हा उरलेला अर्धा प्रश्न कोणी विचारत नाही. मार्गदर्शनाचा लाभ देणाऱ्याच्या थोरवीपेक्षा घेणाऱ्याने सोबत नेलेल्या प्रश्नावर जास्त अवलंबून असतो, असे माझे म्हणणे आहे आणि त्याचा पुरावा आपल्या मावळातच आहे.

लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३चा. त्यांना घडवणारी माणसे दोन. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१०पर्यंत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमावले आणि पुढे १९१९च्या सुमारास नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग घेतला. वस्तादाकडे त्यांनी योग मागितला नाही आणि योग्याकडे कुस्ती मागितली नाही. आयुष्याचे सगळे प्रश्न सोडवील असा एकच महापुरुष शोधत आपण वर्षे घालवतो, तिथे हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. माधवदासजींनी शिकवलेल्या क्रिया शरीरात नेमके काय करतात, हा प्रश्न गुणे यांचा स्वतःचा होता. १९२०-२१मध्ये त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या मदतीने तो तपासायला घेतला. योगातल्या बस्तीत पाणी मोठ्या आतड्यात आपोआप वर चढते, पंप लागत नाही. असे का होते? नळीचे एक टोक आतड्यात आणि दुसरे पाऱ्याच्या दाबमापकाला जोडून नौली करायला लावली, म्हणजे पोटाचे मधले उभे स्नायू वेगळे काढून पुढे आणायला लावले, की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, असे दिसून आले. पाणी चढते ते या पोकळीमुळे. १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले आणि त्यातून हे निष्कर्ष जगापुढे आले.

यावर पहिला आक्षेप आपल्या संस्कारातूनच येतो. गुरूचे म्हणणे तपासायला घेणे म्हणजे गुरूवर अविश्वास नव्हे का? शंका रास्त आहे, कारण श्रद्धेशिवाय शिकणे टिकत नाही. पण कुवलयानंदांनी त्या सापडलेल्या पोकळीला नाव दिले ‘माधवदास व्हॅक्यूम’. शिष्याने स्वतः मोजून काढलेल्या गोष्टीवर गुरूचे नाव! याहून मोठी गुरुदक्षिणा मला सुचत नाही. याच माधवदासजींचे दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली आणि संसारी माणसाच्या रोजच्या जगण्यात योग नेण्याला वाहून घेतले. गुरू एकच असून दोघांच्या वाटा दोन झाल्या, कारण दोघांनी नेलेले प्रश्न वेगळे होते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. गुणे संस्कृतचे विद्वान, पदवीधर. त्यांना दारे उघडी होती. ज्याच्या घरात कोणी शिकलेले नाही, ओळखीपाळखी नाहीत, त्याने कोणाकडे जायचे? याचे उत्तर लोणावळ्याहून लोकलने तासाभराच्या आत येणाऱ्या तळेगाव दाभाड्यात सापडते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्यातून १९०८मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. जपानमध्ये आणि मग अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला आले. वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकावर सतत फिरवत ठेवावा लागतो. हात थांबला की तो एका बाजूला ओघळतो. किती फिरवायचे, कधी फुंकायचे हे पुस्तकात वाचून येत नाही, जाणत्याच्या शेजारी भट्टीपाशी उभे राहूनच येते. तिथे शिकलेली माणसे पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. एकट्याला जो गुरू परवडला नसता, तो हजारोंच्या एकेका पैशाने गावात आणला. आजही एका लाइनवरच्या पाच-सहा जणांनी मिळून एखाद्या निवृत्त टूलरूमवाल्याला रविवारचे दोन तास मागायला काय हरकत आहे?

काही जाणती माणसे हातचे राखून शिकवतात, हेही कबूल केले पाहिजे. तिथे कितीही चांगला प्रश्न नेला तरी दार उघडत नाही. नमस्कार करून दुसरीकडे जावे. पण पुष्कळदा दार बंद नसते, आपला प्रश्नच मोघम असतो. “सर, मी पुढे काय करू?” याला भल्या माणसाकडेही आशीर्वादापलीकडे उत्तर नसते. “या जॉबवर चॅटरच्या खुणा येतात, फीड कमी केला, इन्सर्ट बदलला, तरी जात नाहीत,” असे म्हटले की तोच माणूस खुर्ची सोडून मशीनपाशी येतो. तुम्ही काय करून पाहिले हे त्याला दिसते आणि पुढचे बोलणे तिथून सुरू होते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. आपल्या कामातली एकच अडचण, त्यावर केलेले प्रयत्न आणि अडलेली जागा पाच ओळींत लिहून काढा. मग ती कोणाला दाखवायची ते ठरवा. भेटीनंतर त्या माणसाला काय आणि कधी कळवायचे, ते पुढच्या लेखांकात पाहू.