चुकण्याचा अधिकार

आपला नवा लेखक हस्तलिखित पुढे करतो तेव्हा पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘सर, चुका असतील, सांभाळून घ्या.’ आपण काय म्हणतो आहोत यापेक्षा आपण कोठे चुकलो असू याचीच धास्ती त्याला अधिक असते. हा एकट्या माणसाचा न्यूनगंड म्हणून सोडून देता येणार नाही. या धास्तीला इतिहास आहे.

जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. पुढे त्यांनी पोवाडा रचला, अखंड रचले आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तीही धोंडिबा आणि जोतीराव यांच्या सवालजबाबाच्या रूपात. कष्टकऱ्याच्या कानापर्यंत कोणत्या वाटेने पोचता येईल, याचा तो शोध होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त या लेखनाचा समाचार घेताना व्याकरणातल्या चुका काढून थट्टा केली. चूक दाखवली की प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी टळते. ही युक्ती आजही वापरात आहे.

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? लिहिताना दिला जाणारा पण उच्चारात नसलेला अनुस्वार गाळणे एके काळी अशुद्ध मानले जाई. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी तोच अनुस्वार देणे अशुद्ध ठरवले. महामंडळाच्याच नियमांत असेही आहे की चिपळूणकरपूर्व काळातले गद्य छापताना मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे मात्र नियमाप्रमाणे. मराठी गद्याच्या शुद्धतेची वेसच चिपळूणकरांच्या नावाने उभी आहे. याला योगायोग म्हणावे की नाही ते वाचकांनी ठरवावे.

परंतु फुल्यांचे व्याकरण सोडून आशयाकडे वळलो, तर तेथेही चुका सापडतात आणि आपण त्या झाकू नयेत. मत्स्यावतार म्हणजे गलबतांतून आलेल्या आर्यांचा पुढारी, ‘महार’ म्हणजे ‘महाअरी’ अशा त्यांच्या उपपत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरणाऱ्या नाहीत. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथल्यांना जिंकून शूद्र केले, या गृहीतावर ‘गुलामगिरी’ची बरीच मांडणी उभी आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ या १९४६च्या ग्रंथात आर्य वंशाचा आणि आक्रमणाचा हा सिद्धांत तपासून नाकारला. तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला आहे तो जोतीरावांनाच!

या अर्पणपत्रिकेपाशी आपल्या समीक्षकांनी थोडे थांबावे. जोतीरावांचे उत्तर बाबासाहेबांनी बाजूला ठेवले. शूद्र कोण आणि तो शूद्र कसा झाला, हा प्रश्न मात्र हाती घेतला. पुराणकथेला ‘हे खरे कशावरून?’ असे विचारण्याचे धाडस जोतीरावांनी केले नसते तर दुरुस्त करायलाही काही उरले नसते. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब आपले संस्कृतवर प्रभुत्व नसल्याची उणीव मान्य करतात. पण तेवढ्याने या विषयावर लिहिण्याचा आपला अधिकार जातो, हे मान्य करीत नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांना हे पान मुद्दाम वाचून दाखवायला हवे.

याचा अर्थ चूक ही पूजेची वस्तू झाली असा नव्हे. सन न तपासणे, ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून देणे हा निव्वळ आळस आहे. त्याला विद्रोहाचे नाव देऊन खपवू नये. ‘न्हाई’ लिहिणारा पोरगा आपली बोली लिहीत असेल तर ती चूकच नाही. पण ऐकू न आलेली बोली तो केवळ दलित साहित्य म्हणून वापरीत असेल, तर तेथे खुणेची गरज आहे.

मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच लेखनाची. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) आले तेव्हा आत्मकथनाचा साचा तयार नव्हता. त्या लेखकांनी तो अंदाजाने, धडपडत घडवला. आता साचा तयार आहे. गावकूस, शाळा, अपमान, वसतिगृह, नोकरी या क्रमाने मजकूर भरला की हस्तलिखित तयार होते. त्यात चूक काढायला जागा नसते, कारण लेखकाने काही शोधलेलेच नसते. आई रात्री कोणाशी काय बोलत असे, बापाला कशाची लाज वाटे, आपल्याच वस्तीत कोणाच्या हातचे पाणी चालत नव्हते, हे विचारायला गेले की अडखळायला होते, घाट बिघडतो. तो बिघडू देण्याची तयारी हवी. आपणही, विशेषतः शिक्षकांनी, असे बिघडलेले हस्तलिखित हाती आले तर लाल शाई जरा दूर ठेवावी आणि लेखकाला आधी विचारावे, ‘तुला नेमके काय शोधायचे होते?’ ऱ्हस्वदीर्घाचे काय, ते मुद्रितशोधकही पाहील.