विंचवाची गोळी आणि रक्तदाबाची

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने दाखल होणाऱ्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास रुग्ण दगावत. विषामुळे रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे ओळखून रक्तदाबावरील प्राझोसिनची स्वस्त गोळी वेळेवर दिली की रुग्ण वाचतो, हा निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण पुढे एक-दोन टक्क्यांवर आले.

मग याच भागात रक्तदाबाचा वा मधुमेहाचा रुग्ण पक्षाघाताने अंथरुणास का खिळावा? याचे उत्तर बव्हंशी अर्थशास्त्रात आहे. विंचवाची वेदना रुग्णाला धावत आणते. रक्तदाब मात्र दुखत नाही. न दुखणाऱ्या आजारासाठी पोलादपूरच्या वाडीवरील मजुराने दिवसाची मजुरी बुडवून एसटीचे भाडे का मोजावे? त्याच्या हिशेबात सरकारी केंद्रातील फुकट गोळीही महागच पडते.

तेव्हा रुग्णाला बोल लावून भागणार नाही. नोंदवहीत त्याचे नाव, एका खेपेस किमान महिन्याच्या गोळ्या आणि जो आला नाही त्याच्या दारी आशा सेविका, एवढी व्यवस्था हवी. पक्षाघातानंतर मुंबईच्या इस्पितळापायी जमीन गहाण पडते. त्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि तो शासनानेच उचलला पाहिजे.