१४ एप्रिल: गोदीतली आग, समुद्रातला बर्फ

१४ एप्रिल म्हटलं की महाराष्ट्राला आधी आठवतात बाबासाहेब. १८९१ साली महूला त्यांचा जन्म झाला. १९४४ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत असा धमाका झाला की सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली.

'फोर्ट स्टिकीन' या बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. कराचीत तिने कापसाच्या गाठी चढवल्या, त्याही स्फोटकांच्याच कोठारात. एरवी असला माल गोदीबाहेर उतरवायचा, बोटीवर लाल बावटा लावायचा, असा शिरस्ता होता. युद्धाच्या घाईत तो गुंडाळून ठेवला गेला. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कोठारातून धूर निघाला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी आत सोडलं, पण दाबून भरलेल्या गाठी आतल्या आत धुमसत राहिल्या. खरं तर बोट वेळीच बाहेर काढायची किंवा बुडवायची, हा निर्णय घ्यायला दोन तास हाताशी होते. तो कोणी घेतला नाही.

पहिल्या स्फोटाने शेजारच्या 'जलपद्म' या बोटीचा मागचा भाग उचलून एका गोदामाच्या छपरावर नेऊन टाकला. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. सरकारी हिशेबाने सुमारे ८०० माणसं गेली. प्रत्यक्षात आकडा मोठा असावा, असं अनेकांचं मत आहे. मृतांत ६६ अग्निशमन जवान होते. दरवर्षी याच तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच स्मरणार्थ. बोटीत सोन्याच्या विटाही होत्या. गाळ उपसताना त्या पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या, आणि गप्पांमध्ये दुर्दैवाने त्यांचाच भाव वधारलेला असतो.

बत्तीस वर्षं आधी, १९१२ च्या याच तारखेला, रात्री अकरा-चाळीसला 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली. जवळच बर्फात थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन'ने त्याआधी बिनतारी इशारा दिला होता. पण टायटॅनिकचा ऑपरेटर प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गुंतला होता; त्याने तिला चक्क गप्प बसवलं. मग तिचा एकुलता एक ऑपरेटर यंत्र बंद करून झोपला. जवळपास १,५०० माणसं दगावल्यावर, १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुरेशा जीवरक्षक नौका, रेडिओवर अखंड कान आणि हिमनगांवर गस्त या गोष्टी कागदावर आल्या त्या तेव्हा.

तारीख मात्र निव्वळ अपशकुनी नाही. १६२९ मध्ये याच दिवशी ख्रिस्तियान हायगेन्स जन्मला. शनीचा टायटन हा चंद्र त्याने शोधला आणि लंबकाचं घड्याळ बनवलं. २००३ च्या १४ एप्रिलला मानवी जनुकसंचाचा प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. अर्थात 'पूर्ण' हा शब्द जरा सढळच वापरला गेला होता. उरलेले सुमारे आठ टक्के वाचायला २०२२ साल उजाडलं.