विनोदाचा गंभीर चेहरा

हसवायचंच म्हणून उभा राहिलेला विनोदी नट बहुधा फसतो. ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटातला (१९८८) इस्तंबूलच्या औषधाचा प्रसंग पाहा. औषध आणणारा मित्र वारला आणि त्याच्याबरोबर औषधासाठी घरमालकाने दिलेले ७० रुपयेही गेले, हे अशोक सराफ खऱ्या दुखवट्याच्या चेहऱ्याने सांगतात आणि सुधीर जोशींचा घरमालक ते तितक्याच गांभीर्याने ऐकतो. दोघांपैकी एकजण जरी गालात हसला असता, तरी प्रसंग कोसळला असता. या गांभीर्याइतकंच टायमिंगही लागतं; ते उपजतच असतं, असं म्हणतात. काही अंशी ते खरंही आहे; पण नाटकात हशा रोज सारखा येत नाही, तो ओसरू लागताच पुढचं वाक्य टाकावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा कान प्रयोगागणिकच तयार होतो. कॅमेऱ्यासमोर तर प्रेक्षकच नसतो. त्याचं हसू मनात धरून थांबायचं. अशा अभिनयाला ‘हलकाफुलका’ म्हणून दुय्यम लेखणं अन्यायाचं आहे.